चूक पहिल्या पानावर, खुलासा आतल्या पानावर

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, लवंगा या गावी, सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंना मुले पळविणारे समजून जमावाने बेदम मारले. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. अफवेला संपादक नसतो, असे म्हणून वृत्तपत्रांना या प्रकारातून अंग काढून घेता येईल. परंतु ज्याला संपादक असतो, ते तरी किती पारखून छापले जाते?

सातारा जिल्ह्यातील कराडजवळचे टेंभू हे गाव आज सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी देणाऱ्या योजनेमुळे सर्वांस ठाऊक आहे. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, या तळमळीने 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कारस्थानाचा आरोप केला. त्यासाठी काही पत्रांचा आधार घेतला. तळमळ खरी होती. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले.

आम्ही मास्तरकी करीत असताना तो तुरुंगवास मुलांना रंगवून सांगत असू. पत्रे बनावट होती, हे वाक्य मात्र घाईने उरकीत असू. आता वाटते, धडा त्या वाक्यातच होता. बर्व्यांविषयी लोकांना संशय होता, म्हणून पत्रे खरी ठरत नव्हती. सद्हेतू असला म्हणजे पुराव्याची गरज उरत नाही, हा समज आमच्या धंद्यात आजही चांगल्या चांगल्या माणसांना आहे.

चुकीची दुरुस्ती तत्परतेने व ठळकपणे छापावी, असा भारतीय वृत्तपत्र परिषदेचा दंडक आहे. परिषद ताशेरे ओढू शकते, शिक्षा करू शकत नाही. त्यामुळे पाच रकानी मथळ्याने ज्याची अब्रू गेली, त्याच्या वाट्याला चार दिवसांनी आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी, चार ओळी येतात. फळ्यावर चुकलेले गणित फळ्यावरच दुरुस्त करावे लागते, वहीच्या कोपऱ्यात नव्हे.

आम्हीही या दोषापासून मुक्त नाही. यापुढे या पत्रात पहिल्या पानावर झालेली चूक पहिल्या पानावरच, तेवढ्याच जागेत दुरुस्त केली जाईल. वाचकांनी चूक निःसंकोच कळवावी. त्यांची इच्छा असल्यास दुरुस्तीखाली त्यांचे नावही छापू.