भावोजी, पैठणी आणि आपलं मत



परवा गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत विषय निघाला तो टीव्हीवरून राजकारणात गेलेल्या माणसांचा. एक ताई म्हणाल्या, "रोज टीव्हीवर दिसलं की माणूस निवडून येणारच. आपल्याला कोण विचारतंय?" दुसरीनं लगेच विचारलं, "मग आदेश भावोजी का नाही आले निवडून?" चहा गार झाला, पण प्रश्न काही सुटला नाही. म्हणून आजचं बोलणं त्यावर.

सुरुवात भावोजींपासूनच करू. २००४ साली झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं. दिवेलागणीच्या वेळी आदेश बांदेकर कुणाच्या तरी घरी जायचे, सासू-सुनांशी गप्पा मारायचे, खेळ घ्यायचे आणि जिंकणारीला पैठणी द्यायचे. आज हे साधं वाटतं. पण चारचौघांत, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, 'तुम्हाला काय आवडतं?' असं सुनेला विचारणारा माणूस तोपर्यंत आपल्यापैकी कितीजणींना भेटला होता? म्हणून तो निवेदक राहिला नाही, भावोजी झाला. अठरा वर्षं हे नातं टिकलं. २०२२ साली तर 'महामिनिस्टर' नावानं ११ लाखांच्या पैठणीचा खेळ झाला.

एवढी घराघरांतली ओळख बघून पक्षांचं लक्ष गेलं नसतं तरच नवल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेनं बांदेकरांना मुंबईच्या माहीममधून उभं केलं. माहीम म्हणजे साधा मतदारसंघ नव्हे. दादरचं शिवसेना भवन त्यातच येतं, म्हणजे पक्षाचं घरचंच अंगण. तरीही निकाल लागला तेव्हा मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले, काँग्रेसचे सदा सरवणकर दुसरे आले आणि भावोजी तिसरे.

असं का झालं? एक तर 'होम मिनिस्टर' बघणारी बाई मांजरीत होती, मिरजेत होती, मालवणात होती. मत मात्र फक्त माहीमच्या यादीत नाव असलेल्यालाच देता येतं. महाराष्ट्रभर पसरलेलं प्रेम एका मतदारसंघात गोळा करता येत नाही. दुसरं असं, की सरवणकर हे तिथले शिवसेनेचेच जुने कार्यकर्ते. तिकीट मिळालं नाही म्हणून ते काँग्रेसमध्ये गेले आणि जाताना आपली माणसं घेऊन गेले. मतदानाच्या दिवशी चिठ्ठ्या वाटणारी, म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर नेणारी, कोण मतदान करून आलं आणि कोण राहिलं ते यादीवर टिपणारी ही माणसं. टीव्हीवर ती कधी दिसत नाहीत, पण निवडणूक तीच चालवतात. आणि तिसरं, मनसे तेव्हा नवी होती आणि दादरचा मराठी मतदार दोन्हीकडे वाटला गेला होता. त्या वाटणीत पैठणीचा काही संबंध नव्हता.

बांदेकर पुढे पक्षात राहिले. २०१७ साली सरकारनं त्यांना सिद्धिविनायक मंदिर न्यासाचं अध्यक्ष नेमलं, नंतर राज्यमंत्रिपदाचा दर्जाही दिला. इथे दोन शब्द नीट समजून घेऊ, कारण पेपरात ते नेहमी येतात. 'नेमणूक' सरकार करतं, त्यासाठी तुमच्या-आमच्या मतांची गरज नसते. आणि 'दर्जा' म्हणजे मान आणि सोयी, खातं नव्हे. राज्यमंत्रिपदाचा दर्जा असलेला माणूस मंत्रिमंडळात नसतो. गंमत म्हणजे २०२३ साली न्यासाच्या त्याच खुर्चीवर सदा सरवणकर आले. राजकारणात वाटा अशा फिरून एकमेकींना मिळतात.

आता दुसरं उदाहरण, साताऱ्याच्या अभिजित बिचुकले यांचं. 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वात, २०१९ साली, ते घराघरांत पोचले. त्याच वर्षी वरळीतून आदित्य ठाकरे यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. २०२३ साली आपल्या पुण्यातल्या कसब्याच्या पोटनिवडणुकीतही ते होते. तिथे त्यांना शंभर मतंही मिळाली नाहीत. त्यांना हिणवायला हे सांगत नाही. उभं राहण्याचा हक्क त्यांना आहे, तसा तुम्हाला-आम्हालाही आहे. मुद्दा इतकाच, की लोकांना बघायला मजा येणं वेगळं आणि कारभार हाती देणं वेगळं. हा फरक मतदाराला कळतो.

मग टीव्हीवरच्या खेळातून कुणी गेलंच नाही का? गेले की. भगवंत मान 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मध्ये विनोद सांगायचे. २०१२ साली पंजाब विधानसभेला हरले. २०१४ साली आम आदमी पक्षाकडून संगरूरचे खासदार झाले. २०१७ साली पुन्हा विधानसभेला हरले, २०१९ मध्ये परत खासदार झाले आणि मार्च २०२२ मध्ये मुख्यमंत्री. म्हणजे मध्ये दहा वर्षं गेली आणि दोन पराभव पचवावे लागले. मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार ठरवताना पक्षानं लोकांना फोन करून पसंती कळवायला सांगितलं होतं, अगदी गाण्याच्या स्पर्धेत आपण मेसेज पाठवतो तसं. २१ लाखांहून जास्त लोकांनी कळवलं आणि त्यातल्या ९३ टक्क्यांनी मान यांचं नाव घेतलं, असं पक्षानं सांगितलं. पण ती पक्षाची आतली निवड झाली. खरं मतदान त्यानंतर महिन्याभरानं, यंत्रावर, एका माणसाला एकच मत या हिशेबानं झालं.

हा फरक मुलींनाही सांगण्यासारखा आहे. गाण्याच्या स्पर्धेत ज्याच्या घरी चार फोन, तो चार काय, चाळीस मेसेज पाठवू शकतो. शिवाय नावडता झाला की पुढच्या आठवड्यात त्याला बाहेर काढता येतं. निवडून दिलेला माणूस मात्र पाच वर्षं बसतो.

परदेशातलं मोठं उदाहरण तुम्हाला माहीत आहेच. 'होम मिनिस्टर' सुरू झालं त्याच २००४ साली अमेरिकेत 'द अप्रेंटिस' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. उमेदवारांना कामं द्यायची आणि जमलं नाही त्याला कामावरून काढून टाकायचं, असा तो खेळ. काढून टाकणारा मालक होता डोनाल्ड ट्रम्प. २०१६ आणि २०२४ अशा दोन निवडणुका त्यांनी जिंकल्या.

आता आपल्या दारात येऊ. मांजरी हडपसर विधानसभेत आणि हडपसर शिरूर लोकसभेत. आपले खासदार डॉ. अमोल कोल्हे हे खेळाच्या कार्यक्रमातून नाही, मालिकांतून आले. 'राजा शिवछत्रपती'मधले शिवराय आणि 'स्वराज्यरक्षक संभाजी'मधले शंभूराजे. २०१९ साली संभाजीची मालिका चालू असतानाच ते उभे राहिले आणि तीन वेळा खासदार झालेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना ५८ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. सभेला लोक राजे बघायला यायचे, हे कुणी नाकारणार नाही. पण ते मूळचे नारायणगावचे, शिकून डॉक्टर झालेले, आधी शिवसेनेत काम केलेले आणि मागे राष्ट्रवादीची गावोगावची यंत्रणा. माहीममध्ये भावोजींना जे मिळालं नाही, ते इथे होतं.

आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती २०२४ ची निवडणूक. तेव्हा मालिका संपून बराच काळ झाला होता. खासदार मतदारसंघात दिसत नाहीत, ही टीका विरोधकांनी जोरात केली होती. पक्ष फुटला होता, यंत्रणा अर्धी पलीकडे गेली होती आणि आढळरावच पलीकडच्या राष्ट्रवादीकडून उभे होते. तरी कोल्हे १ लाख ४० हजारांच्या आसपास मतांनी आले. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा कांद्याचा पट्टा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि त्याच महिन्यात शिवनेरीपासून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्यात ते पुढे होते. पहिल्या वेळी राजांचा चेहरा कामी आला असेल. दुसऱ्या वेळी कांदा आणि पक्षफुटीचा राग.

या सगळ्यात एक गोष्ट उलटी झाली, तिच्याकडे आपलं लक्ष कमी असतं. टीव्हीवरचा माणूस राजकारणात जातो हे दिसतं, पण टीव्हीवरचा खेळच राजकारणानं उचलला. निवडणूक जवळ आली की मैदानात मांडव पडतो, 'खेळ पैठणीचा' असा फलक लागतो, शेजारी इच्छुकाचा हात जोडलेला फोटो. आम्हीही गेलो आहोत, खोटं कशाला सांगा. उखाणे घेतले, फुगे फोडले, पोट धरून हसलो. घरातून दोन तास सुटका मिळते, ते काही थोडं नाही. एकदा आमच्यातल्या एकीनं बक्षीस घेताना माइक हातात आलाच आहे म्हणून विचारलं, "नळाला पाणी रोज कधी येणार?" लगेच गाणं मोठं झालं आणि पुढचं नाव पुकारलं.

खेळाला जाण्यात गैर काही नाही. पण मत मिळावं म्हणून साडी, पैसा किंवा वस्तू देणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात ती लाच ठरते. आणि ज्यानं पैठणी दिली त्यालाच मत द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. मतदानयंत्रापाशी तुम्ही एकट्याच असता.

त्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे होतं, हेही बघा. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत संपली. पुढच्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला, तो जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत. म्हणजे सरपंच नाही आणि नगरसेवकही नाही, अशी जवळपास साडेचार वर्षं आपण काढली. पाणी, गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे हे महापालिकेचं काम. खासदाराकडे न्यायचे ते रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, कांद्याची निर्यात असे विषय. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, पण तो आपल्याकडे सहा विधानसभांत वाटला जातो. राज्याचे कायदे आणि राज्याचा पैसा यासाठी आमदार. चुकीच्या दारात उभं राहिलं की चेहरा कितीही ओळखीचा असो, पाणी येत नाही.

आणखी एक. उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देतो. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि चालू असलेले गुन्हे लिहावे लागतात. ते कुणालाही बघता येतं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे यातली बरीच प्रतिज्ञापत्रं बायकांचीच असतात. पुढच्या बैठकीला आपल्या प्रभागातून निवडून आलेल्यांची प्रतिज्ञापत्रं छापून आणायचं ठरलं आहे. कॉलेजात जाणाऱ्या एका लेकीनं ते काम घेतलं आहे, कागदाचा खर्च गटाच्या किरकोळ खात्यातून. हप्ते झाल्यावर एकेक वाचू. येताना चष्मा विसरू नका.