तळाचे पाहुणे आणि मराठवाड्याचा उन्हाळा

दिवाणखान्यात काचेची पेटी, वर रंगीत माशांची जोडी आणि तळाशी ‘कचरा खाणारा’ एखादा मासा, अशी घरगुती मत्स्यालयाची रूढ कल्पना आहे. हा तळाचा मासा बहुतेक वेळा कॅटफिश गणातील असतो. तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असल्याने त्याला हे नाव मिळाले. दोन इंचांचा हा पाहुणा पुढे किती वाढेल, त्याला कोणते पाणी मानवते आणि मे महिन्याचा उष्मा त्याला सोसेल काय, याची चौकशी मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच होते. या अज्ञानाची किंमत मासा जिवानिशी मोजतो.

आकार आधी पाहावा

‘सकर’ या नावाने विकला जाणारा ठिपकेदार मासा पूर्ण वाढल्यावर दीड फुटापर्यंत जातो. ‘शार्क’ म्हणून दिले जाणारे चंदेरी पिल्लू प्रत्यक्षात पंगासियस असते आणि ते एक मीटरहूनही लांब वाढू शकते. दोन-तीन फुटी टाकीत हे दोन्ही मासे ठेवणे म्हणजे त्यांना कोंडणेच होय. गोदावरीत सापडणारा शिंगटा सोबतचे छोटे मासे गिळतो.

घरासाठी योग्य ते कोरिडोरस. दक्षिण अमेरिकेतील हे कवचधारी मासे साधारण पाच ते सात सेंटिमीटरचे असतात. पिग्मी कोरिडोरस तर जेमतेम तीन सेंटिमीटरचा. शेवाळ खाणारा मासा हवा असेल तर सकरऐवजी बारा-पंधरा सेंटिमीटरवर थांबणारा ब्रिसलनोज निवडावा. त्याला मात्र तीन फुटी टाकी द्यावी. ओटोसिंक्लस हा चिमुकला मासाही शेवाळावर जगतो, पण नव्या टाकीत त्याची उपासमार होते. अनेक महिने स्थिरावलेल्या टाकीतच तो आणावा.

कोणता कोरिडोरस?

येथे हवामानाचा प्रश्न येतो. करड्या ठिपक्यांचा पेपर्ड कोरिडोरस हा प्रसिद्ध मासा. डार्विनच्या ‘बीगल’ सफरीत गोळा झालेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. मात्र तो थंड पाण्याचा रहिवासी असून त्याला १८ ते २३ अंश तापमान मानवते. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या नांदेडमध्ये तो आणणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. बालाघाटच्या पठारावरील लातूर थोडे सुसह्य असले, तरी तेथील उन्हाळाही त्याला झेपणारा नाही. त्याऐवजी पांढऱ्या ठिपक्यांचा आणि नारिंगी परांचा स्टर्बाय २८ अंशांपर्यंत आरामात राहतो. ब्राँझ कोरिडोरसही काटक आहे. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची अनेक प्रजातींत विभागणी केली. बाजारात मात्र जुनीच नावे चालतात.

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम असणारे प्रमाण ३० अंशांना साडेसातवर येते. कोरिडोरस अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. हे नैसर्गिक आहे. तो वारंवार वर धावू लागला, तर मात्र पाणी बिघडल्याची ती खूण समजावी. उन्हाळ्यात झाकण काढून वर जाळी लावावी आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. कूलरच्या तत्त्वावर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय विशेष गुणकारी ठरतो. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

बादलीभर पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा छंद चैनीचा वाटणे स्वाभाविक आहे. हिशेब मात्र वेगळे सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. त्यातील पाचवा हिस्सा दर आठवड्याला बदलायचा म्हणजे अकरा लिटर, जेमतेम एक बादली. काढलेले पाणी नत्रयुक्त असल्याने कुंड्यांतील झाडांना उत्तम खत ठरते. संपूर्ण टाकी रिकामी करून घासून धुणे टाळावे, कारण त्यात मैला पचविणारे उपयुक्त जिवाणू नष्ट होतात.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन काढणारे द्रव्य वापरावे. बेसॉल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. बाष्पीभवनाने घटलेली पातळी त्याच पाण्याने भरत राहिल्यास क्षार साठत जातात. ती भर शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने घालावी.

सफाई कामगार नव्हे

कोरिडोरस विष्ठा खात नाही. उरलेल्या अन्नावर त्याचे भागत नाही. त्याला तळाशी बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात, शक्यतो दिवा मालवल्यावर. तळाशी मऊ, बारीक वाळू हवी. धारदार खड्यांनी त्याच्या मिशा झिजतात. तो समूहाने राहणारा आहे, त्यामुळे किमान सहा मासे एकत्र ठेवावेत. परांचे काटे जाळ्यात अडकत असल्याने त्याला पेल्यात धरून हलवावे. मीठ आणि तीव्र औषधे त्याला सहसा मानवत नाहीत.

नदीत सोडू नये

कंटाळा आला किंवा सकर अवाढव्य वाढला की तो नदीत सोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागांत हा विदेशी मासा पसरला आहे. तो काठ पोखरतो आणि त्याचे कठीण कवच जाळी फाडते. विष्णुपुरीच्या जलाशयावर किंवा मांजरा नदीवर ही आपत्ती ओढवू नये, हे प्रत्येक छांदिष्टाच्या हाती आहे. नको असलेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या छांदिष्टाला द्यावा.

टाकी सुरू करण्यास दिवाळीचा सुमार उत्तम. मासे आणण्यापूर्वी जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे द्यावेत. मग होळीनंतरचा उष्मा येईपर्यंत पाणीही मुरलेले असते आणि पाळणाराही सरावलेला असतो.