चार मीटरची गाडी, साडेआठ मीटरची लाट
धाराशिवहून तुळजापूरला निघालेल्या एका बोलेरोत मागच्या सीटवर बसलो होतो. टेपवर गोंधळ लावलेला. संबळाच्या बारक्या भांड्याचा खणखणाट दारातल्या स्पीकरमधून कानावर आदळत होता, मोठ्या भांड्याचा घुमारा मात्र कुठे औषधालाही नव्हता. महिन्याभरानं त्याच गाडीत, त्याच रस्त्यानं पुन्हा गेलो. मधल्या काळात मालकानं डिक्कीत बारा इंची वूफर आणि सीटखाली अ‍ॅम्प बसवून घेतला होता. पहिल्याच ठोक्याला बाटलीतलं पाणी थरथरलं. घुमारा कानाआधी बरगड्यांना कळला!

आता जरा हिशेब करू. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो. सेकंदाला 40 कंपनांचा खर्ज घेतला, तर त्याची एक लाट भरते साडेआठ मीटर. बोलेरो नाकापासून शेपटीपर्यंत चार मीटरही नाही. मग ही लाट आत मावते कशी?

मावतच नाही. आणि सगळी जादू त्या न मावण्यातच आहे.

सायकलचा पंप उघड्यावर मारा, हवा फुस्सकन निघून जाते. तोंडावर बोट दाबून मारा, बोटाला केवढा रेटा बसतो! काचा बंद केलेली गाडी म्हणजे बोट दाबलेला पंप. वूफरचा पडदा पुढे सरकला की लाट पसरायला जागाच नसते, म्हणून आतली सगळी हवा एकदम दाबली जाते. मागे गेला की एकदम सैल होते. सेकंदाला चाळीस वेळा. म्हणजे आपण लाट ऐकत नसतो, लाटेच्या पोटात बसलेलो असतो.

उसाच्या हंगामात ढोकीच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं दुखणं नेमकं उलटं. त्याला ना काच ना दार. उघड्यावर सूर निम्म्यानं खाली न्यायचा आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं. म्हणून ट्रॅक्टरवर कर्णकर्कश आवाज सहज मिळतो, खर्जाला मात्र घाम फुटतो. बोलेरोची काच खाली करून बघा, तुमचाही बेस थोडा ट्रॅक्टरच्या वाटेनं जाईल.

वूफर खोक्यात का घालतात, हे तर मला कितीदा पाहिलं तरी नवल वाटतं. पडदा पुढची हवा दाबतो तेव्हा मागची हवा विरळ होते. ही दाबलेली आणि ती विरळ हवा कडेनं वळून भेटली की एकमेकींना खाऊन टाकतात. खोक्याबाहेर नुसता हातात धरलेला वूफर जीव तोडून हलताना दिसतो, पण धमक गायब! खोकं त्या दोघींची भेट होऊ देत नाही. 1954 साली एडगर विल्चर या अमेरिकन माणसानं याच्याही पुढची गोष्ट दाखवली: बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वापरता येते आणि लहान खोकंही खोल खर्ज देतं. डिक्कीतल्या सीलबंद खोक्याचा तो आजोबा.

पण खोकं मागे असून संबळ समोर वाजल्यासारखा का वाटतो? दोन कानांत अंतर जेमतेम वीतभर. साडेआठ मीटरची लाट दोन्ही कानांना जवळपास सारखीच भेटते, ती कुठून आली ते मेंदूला सांगता येत नाही. काठीचा टणत्कार मात्र समोरच्या दारातून येतो. मेंदू तो टणत्कार धरतो आणि घुमारा बिनबोभाट त्याच्याच खात्यावर टाकतो.

राहिला अ‍ॅम्प. टेपच्या खोक्यावर पन्नास वॉट छापलेले असोत, बॅटरी बारा व्होल्टची आणि स्पीकर चार ओहमचा. त्यातून खरे निघतात वीसेक वॉट. मग अ‍ॅम्प तीनशे कुठून आणतो? व्होल्ट वाढवून. पण व्होल्ट वाढवायला ट्रान्सफॉर्मर हवा, आणि बॅटरीच्या सरळ प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर ढिम्म हलत नाही. म्हणून अ‍ॅम्प तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, वर चढवतो आणि पुन्हा सरळ करतो. हे सगळं सीटखालच्या एका डब्यात, तुम्ही शेंगा खात असताना.

फुकट मात्र काही नाही. तीनशे वॉट द्यायला अ‍ॅम्प बॅटरीतून पंचवीस ते तीस अँपिअर ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून दहाच्या आसपास ओढतात. रात्री प्रत्येक ठोक्याला दिवे मिणमिणतात ते यामुळेच. म्हणून बॅटरीपासून जाडजूड वायर थेट टाकायची, आणि अर्थ द्यायचा तो रंग खरवडून काढलेल्या पत्र्याला. टेपकडून येणारी गाण्याची वायर दुसऱ्या बाजूनं न्यायची, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की संबळाबरोबर इंजिनही किणकिणायला लागतं.

फ्यूज अ‍ॅम्पजवळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो अ‍ॅम्पला वाचवतो, गाडीला नाही. वाटेत वायर पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि वायर पेटते. त्या वायरसाठी वेगळा फ्यूज लागतो, आणि तो बॅटरीपासून हातभराच्या आत.