खेड्यांतील मेंदूविकारांचे दुर्लक्षित ओझे

मेंदू व मज्जासंस्थेचे विकार ही धकाधकीच्या शहरी जीवनाची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष पाहणी मात्र उलटे चित्र दाखविते. बेंगळुरू येथील 'निम्हान्स' या संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात शहर आणि परिसरातील खेड्यांत मिळून १ लाख २ हजार ५५७ लोकांची घरोघरी जाऊन पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शहरी भागात दर लाख लोकसंख्येमागे २,१९० जणांना मज्जासंस्थेचा कोणता ना कोणता विकार होता. ग्रामीण भागात हेच प्रमाण ४,०७० होते. अपस्मार, म्हणजेच फेफरे, शहरात लाखामागे ५७८, तर खेड्यांत १,१९४ जणांना आढळले.

असे का व्हावे? बाळंतपणात बाळाच्या मेंदूला होणारी इजा, मेंदूज्वरासारखे संसर्ग आणि डोक्याला होणाऱ्या दुखापती ही अपस्माराची टाळता येण्याजोगी कारणे आहेत. जिथे आरोग्यसेवा दूर आणि स्वच्छता अपुरी, तिथे त्यांचे फावते. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीचे उदाहरण बोलके आहे. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि तेथून भाजीपाल्यात जातात. ती पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून गाठी निर्माण करतात व झटके येऊ लागतात. म्हणूनच हा आजार शुद्ध शाकाहारी व्यक्तीलाही होऊ शकतो. शौचालय आणि हात धुणे यांचा मेंदूशी असा थेट संबंध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. फेनोबार्बिटोनसारखी औषधे स्वस्तही आहेत. मात्र मेंदूविकारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात आणि खेड्यात अंगारे-धुपारे, कांदा वा चप्पल हुंगविणे यांतच मोलाचा वेळ जातो. झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. बरे वाटताच गोळ्या परस्पर बंद करणे सर्वांत धोक्याचे.

हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच वगळण्यात आला. तरीही मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने आजार आजही लपविला जातो. कायदा बदलला, समाजमन बदलण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे. गावातील आशा कार्यकर्ती, शिक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांनी मनावर घेतले, तर त्याची सुरुवात गावातूनच होऊ शकेल.