पाणी आधी, पाऊल मागाहून

पूर्वजांनी महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाडे थाटली, तेव्हा विहीर कोठे आहे आणि वैशाखात ती आटते की काय, याची खात्री झाल्यावाचून कोणी चूल मांडली नसेल. मानव अंतराळात वस्ती करील काय, या प्रश्नाकडेही आम्ही याच व्यवहारज्ञानाने पाहतो. त्याचा उत्तम धडा तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात आहे.

मोगलांच्या दक्षिणेकडील मोहिमांचे हे मोठे ठाणे. लष्कर आणि नगर यांना पुरेल असे पाणी हवे होते. जहांगीराच्या राजवटीत, अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळी, 1615 च्या सुमारास येथे इराणी पद्धतीचा कुंडी भंडारा सिद्ध झाला. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते वाटेतच भुयारात घेऊन, निव्वळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. वर एका रांगेत विहिरींसारख्या कुंड्या, खाली त्यांना जोडणारा बोगदा. ना मोट, ना रहाट! ज्यांनी हे केले, त्यांनी आधी डोंगराची नाडी ओळखली होती.

आता चंद्राकडे पाहू. 1969 ते 1972 या काळात बारा मानव तेथे वावरले. पण सर्वांत लांबलेला मुक्कामही सुमारे तीनच दिवसांचा होता. शिदोरी सरली की परत फिरावे, अशी ती पाहुणचाराची भेट होती. तेथे राहावयाचे, तर पाणी तेथेच मिळाले पाहिजे; पृथ्वीवरून ते वाहून नेणे अतोनात खर्चाचे आहे. म्हणूनच 2008 साली निघालेल्या चांद्रयान-1 वरील उपकरणांमुळे चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले, ही गोष्ट मोलाची. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. तेथे बर्फ टिकून आहे. त्याच ध्रुवप्रदेशाच्या परिसरात 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 उतरले. हा बर्फ काढता आला, तर पिण्यास पाणी मिळेल. शिवाय पाण्याचे विघटन करून श्वासासाठी प्राणवायू आणि अग्निबाणासाठी इंधनही मिळेल.

1984 मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, 2025 मध्ये, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्या स्थानकात श्वासातील दमट वाफ, घाम आणि मूत्र यांतून सुमारे 98 टक्के पाणी पुन्हा शुद्ध करून घेता येते, हे 2023 मध्ये सिद्ध झाले. भारताने 2035 पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचा आणि 2040 पर्यंत भारतीयाला चंद्रावर उतरविण्याचा संकल्प केला आहे. तो तडीस जावा, ही आमचीही मनीषा आहे.

कोणी विचारील, येथे नळाला पाणी नाही, मग चंद्रावरच्या पाण्याची चिंता कशास? प्रश्न रास्त आहे. परंतु थेंब वाया न घालविता तो पुन्हा वापरण्याची विद्या तेथे जितकी लागते, तितकीच ती येथेही हवी. कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यात चुन्याचे थर साचतात. सातपुडा उघडा पडला, तर मुरणारे पाणीही घटणार. नवी वस्ती बांधण्याइतकेच जुनी वस्ती राखण्यासही शास्त्र लागते.

वाचकांपैकी जे दिवाळीच्या सुटीत या वाटेने जातील, त्यांनी मुलांना कुंडी भंडारा अवश्य दाखवावा. त्यांतलेच एखादे उद्या चंद्रावरील विवरात पाणी शोधावयास निघाले, तर त्याला ते काम अगदीच परके वाटणार नाही.