साठीनंतर संगणक शिकायचा कोठे?

ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला संगणकसाक्षर करण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानास मंजुरी दिली. वयोमर्यादा मात्र १४ ते ६० वर्षे होती. मार्च २०२४ मध्ये अभियान संपले. साठी ओलांडलेले नागरिक त्याच्या बाहेरच राहिले.

त्याच सुमारास त्यांची कामे संगणकाकडे वळत होती. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी ‘जीवन प्रमाण’ सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये आणि चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ मध्ये सुरू झाली. ज्येष्ठांना रोजगार मिळवून देण्यासाठीचे ‘सेक्रेड’ पोर्टलही २०२१ चेच.

बँकेत कागदी दाखला चालतो, पोस्टमनही शुल्क घेऊन घरी डिजिटल दाखला काढून देतो. सोय मोलाची खरी, पण ते शिक्षण नव्हे. मोबाईल हाताळता न येणारी व्यक्ती आपला आधार क्रमांक आणि ओटीपी दुसऱ्याच्या स्वाधीन करते.