माशी चावली आणि दम लागला तर?



गेल्या हंगामात एका फडात बांधावरचं आग्या मोहोळ उठलं. टोळीच्या मुकादमाला दोन-तीनच माश्या चावल्या. पण ५-१० मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. कुणी चुना शोधत होतं, कुणी कांदा. मी जीप लावून "उठा, चला" म्हणालो. तो उभा राहिला आणि तिथंच कोसळला. सुदैवाने वाचला, पण उभं करण्याची चूक माझी होती.

अशा वेळी रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून माश्यांपासून दूर नेऊन माणसाला आडवं झोपवा, पाय पोत्यावर उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसवा. चालवू मात्र नका. मधमाशीची नांगी रुतली असेल तर नखाने लगेच खरवडा.

यावर पहिलं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. पित्ताच्या गोळीने खाज थांबते, जीव वाचत नाही. तेव्हा वेळ न दवडता १०८ ला फोन करा आणि "माशी चावून दम लागलाय" असं स्पष्ट सांगा. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

तोडीआधी बांधावरची झाडं बघा. मोहोळ दिसलं तर गट ऑफिसला कळवा. ऊस दोन दिवस उशिरा तुटला तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी